बीटल्सचे लिव्हरपूल एका दिवसात आटोपत नाही

माननीय संपादक,

आपल्या गेल्या रविवारच्या प्रवास पुरवणीत ब्रिटनच्या सहलीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. आवडत्या बँडच्या इतिहासाचे बोट धरून एखादे शहर पाहावे ही त्यातली कल्पना मला मनापासून पटली. मात्र त्यातल्या एका सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही आणि एका बाबतीत दिलेली माहिती इतकी अपुरी आहे की ती वाचून निघालेल्या माणसाला बंद फाटकासमोर उभे राहावे लागेल. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या लिव्हरपूलच्या चौघांच्या बीटल्स या बँडच्या चाहत्यांनी लंडनहून सकाळच्या गाडीने लिव्हरपूल गाठावे, ते जिथे वाजवत तो कॅव्हर्न क्लब आणि ॲल्बर्ट डॉकवरचे संग्रहालय पाहावे आणि रात्री मुक्कामाला लंडनला परतावे, असा तो सल्ला आहे. लंडनच्या यूस्टन स्थानकाहून लिव्हरपूलच्या लाइम स्ट्रीटला गाडी साधारण सव्वादोन तासांत पोहोचते, त्यामुळे वेळेच्या हिशेबात हे बसते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका प्रवासी कंपनीच्या सहलीतून असेच लिव्हरपूल 'पाहिले' आहे. दोन तासांचा थांबा होता. त्यात गोदीवरची दुकाने झाली, पिअर हेडवर चौघांच्या पुतळ्यापाशी रांगेत उभे राहून फोटो झाला आणि फ्रिजवर लावायचे एक चुंबक घेऊन मी बसमध्ये येऊन बसले. ज्या चार मुलांची गाणी मी गिरगावात दादाच्या रेकॉर्डप्लेअरवर लहानपणापासून ऐकली, त्यांच्या गावात जाऊन आल्याचे समाधान मात्र मिळाले नव्हते. ती रुखरुख मनात इतकी राहिली की 2024 मध्ये दादा आणि वहिनींना घेऊन मी पुन्हा गेले. या वेळी सहल आम्ही स्वतः आखली आणि लिव्हरपूलला पूर्ण तीन दिवस दिले.

आखणी करताना आम्ही आधी नकाशावर ठिकाणांच्या खुणा केल्या. मग लक्षात आले की या बँडचा इतिहास ठिकाणांइतकाच त्यांच्यामधल्या अंतरात आहे. जॉन लेननचे घर वुल्टनमध्ये, मेनलव्ह ॲव्हेन्यूवर. पॉल मॅकार्टनीचे घर तिथून साधारण दोन किलोमीटरवर, ॲलर्टनमधल्या फॉर्थलिन रोडवर. मध्ये गोल्फचे मैदान होते, आणि ते तुडवत ही मुले गिटार घेऊन एकमेकांकडे जात. पॉल आणि जॉर्ज हॅरिसन यांची ओळख झाली ती शाळेला जाणाऱ्या बसमध्ये. पुढे जॉन कला महाविद्यालयात गेला, तर ते पॉल आणि जॉर्ज यांच्या शाळेच्या भिंतीला भिंत लावून उभे होते, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत तिघांना एकत्र वाजवता येत असे. ही अंतरे चार-पाच किलोमीटरनी वाढली असती तर काय झाले असते, हा विचार त्या रस्त्यांवरून चालताना सारखा मनात येतो. टॅक्सीने एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर उडी मारणाऱ्याला तो येणार नाही.

म्हणून सहलीची सुरुवात शहराच्या मध्यभागातून न करता दक्षिणेकडच्या उपनगरांतून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही पहिल्या दिवशी सकाळी वुल्टनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये गेलो. 6 जुलै 1957 रोजी या चर्चच्या जत्रेत जॉनच्या क्वॉरीमेन या बँडने वाजवले आणि त्याच दिवशी समोरच्या सभागृहात एका सामाईक मित्राने पंधरा वर्षांच्या पॉलची जॉनशी गाठ घालून दिली. सभागृह अगदी साधे आहे, आपल्याकडच्या एखाद्या ज्ञाती-मंडळाच्या जुन्या सभागृहासारखे. रस्त्यापलीकडच्या दफनभूमीत 1939 मध्ये वारलेल्या एलिनॉर रिग्बी यांच्या घराण्याची शिळा आहे. 1966 च्या गाण्यामुळे हे नाव जगभर झाले आणि आता त्या शिळेपुढे कोणी ना कोणी उभे असतेच.

बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गाण्यातले स्ट्रॉबेरी फील्ड तिथून चालत जाण्याजोगे आहे. ते सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे मुलांचे वसतिगृह होते आणि जॉन लहानपणी त्याच्या आवारात खेळायला जात असे. वसतिगृह 2005 मध्ये बंद झाले. 2019 पासून तिथे प्रदर्शन, बाग आणि उपाहारगृह सुरू आहे आणि शिकण्यात अडचणी असलेल्या तरुणांना नोकरीसाठी तयार करण्याचे काम त्याच आवारात चालते. आपण भरलेले प्रवेशशुल्क या कामाला हातभार लावते, हे तिकीट काढताना कळले आणि बरे वाटले.

आता त्या अपुऱ्या माहितीविषयी. जॉनचे मेनलव्ह ॲव्हेन्यूवरचे 251 क्रमांकाचे घर, म्हणजे 'मेंडिप्स', आणि पॉलचे 20, फॉर्थलिन रोड 'वाटेत सहज पाहता येते' असे लेखात म्हटले आहे. बाहेरून पाहायचे असेल तर ते खरे आहे. आत मात्र सहज जाता येत नाही. दोन्ही घरे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. पॉलचे घर संस्थेने 1995 मध्ये विकत घेतले, जॉनचे योको ओनो यांनी विकत घेऊन 2002 मध्ये संस्थेला दिले. आत जायचे तर संस्थेच्याच छोट्या बसमधून, आधी जागा राखून आणि मोजक्या लोकांसोबत जावे लागते. दारावर तिकीट मिळत नाही. हिवाळ्यात घरे बंद असतात, आत फोटो काढता येत नाहीत, आणि बस कुठून व कोणत्या दिवशी सुटते हे बदलत असल्यामुळे जाण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहणे आवश्यक आहे. आम्ही आधी या घरांची तारीख मिळवली, मग हॉटेल आणि शेवटी विमान ठरवले. इतरांनीही हाच क्रम ठेवावा, कारण या दोन घरांशिवाय केलेल्या लिव्हरपूलच्या सहलीत मोठी उणीव राहते.

उणीव म्हणण्याचे कारण सांगते. मेंडिप्सच्या दर्शनी दाराबाहेर काचांनी बंद केलेला एक लहानसा सोपा आहे. दोन माणसे उभी राहिली की तो भरतो. गिटारचा आवाज असह्य झाला की जॉनला वाढवणाऱ्या मिमी मावशी त्याला या सोप्यात पिटाळत, आणि तिथे आवाज घुमतो म्हणून त्यालाही ते आवडत असे. आमच्या सत्तरी ओलांडलेल्या दादाने तिथे उभे राहून एकदा टाळी वाजवली. आवाज खरेच घुमला. दादाने आणखी एकदा वाजवली आणि मग बराच वेळ तो काही बोलला नाही.

फॉर्थलिन रोडचे घर त्याहून साधे, नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या घरांच्या ओळीतले. दर्शनी खोलीच्या भिंतींवरचा कागद एकसारखा नाही, उरलेल्या तुकड्यांतून लावल्यासारखा वेगवेगळ्या नक्षीचा आहे, आणि संस्थेने तो त्या काळी होता तसाच पुन्हा लावून घेतला आहे. खोलीत पियानो आहे. पॉलच्या वडिलांनी घेतलेला पियानो एपस्टाइन कुटुंबाच्या दुकानातून आला होता, आणि याच कुटुंबातले ब्रायन एपस्टाइन पुढे बँडचे व्यवस्थापक झाले. आई गेलेल्या घरातली दोन मुले आणि वडील या एवढ्याशा जागेत राहत होते आणि शाळेला दांडी मारून आलेला पॉल जॉनसोबत इथे गाणी रचत होता, हे समोर दिसत असताना कोणत्याही संग्रहालयातली काचेची पेटी फिकी वाटते.

दुपारी आम्ही पुन्हा मेनलव्ह ॲव्हेन्यूवर आलो, या वेळी पायी. मध्ये झाडांची रांग आणि दोन्ही बाजूंनी वेगाने जाणाऱ्या गाड्या, असा तो रुंद रस्ता आहे. 15 जुलै 1958 रोजी जॉनची आई ज्युलिया आपल्या बहिणीला, म्हणजे मिमी मावशींना भेटून मेंडिप्समधून निघाली आणि हाच रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. पॉलची आई त्याआधी, ऑक्टोबर 1956 मध्ये गेली होती. वहिनींना हे दोन्ही प्रसंग ठाऊक नव्हते. दादाने रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी आमचा हात धरला आणि आम्ही तिघांनी तो रस्ता फार सावकाश ओलांडला.

पेनी लेनसाठी 86 क्रमांकाची बस घ्यावी आणि शक्यतो वरच्या मजल्यावर बसावे. 'पेनी लेन' या बीटल्सच्या गाण्यातले न्हाव्याचे दुकान आणि चौकातला निवारा अजून आहेत. जॉर्जचा जन्म झाला ती वेव्हरट्रीमधली 12, अर्नोल्ड ग्रोव्ह ही जागा आणि रिंगो स्टार यांच्या बालपणीच्या डिंगल भागातल्या गल्ल्या पाहायच्या असतील तर जरूर जावे, पण तिथे आजूबाजूला माणसे राहतात याचे भान ठेवावे. दोन मिनिटे थांबून, आवाज न करता पुढे निघावे.

भारतीय वाचकाने न चुकता पाहावे असे एक ठिकाण लेखात आलेलेच नाही, ते म्हणजे वेस्ट डर्बीतला कॅस्बा कॉफी क्लब. दिल्लीत जन्मलेल्या मोना बेस्ट यांनी 29 ऑगस्ट 1959 रोजी आपल्या घराच्या तळघरात तो सुरू केला. मद्रासमध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा पीट बेस्ट 1960 ते 1962 बीटल्सचा ड्रमवादक होता. हे घर घेण्यासाठी मोना यांनी दागिने गहाण टाकून 1954 च्या डर्बी शर्यतीत एका घोड्यावर पैसे लावले होते आणि तो घोडा जिंकला. क्लब उघडला त्या रात्री जॉन, पॉल आणि जॉर्ज तिथे वाजवत होते, आणि उघडण्यापूर्वी त्या भिंती आणि छत रंगवण्यातही या मुलांचे हात लागले होते. तो रंग आजही त्या तळघरात आहे. इथेही आधी कळवूनच जावे.

कॅव्हर्न क्लब ज्या गल्लीत आहे तो मॅथ्यू स्ट्रीट आम्ही मुद्दाम अखेरच्या दिवशी ठेवला. कॅव्हर्नविषयी एक गोष्ट आधी माहीत असावी, म्हणजे विरस होणार नाही. मूळ कॅव्हर्न 1973 मध्ये बंद झाला. भुयारी रेल्वेच्या हवा खेळवण्याच्या नळकांड्यासाठी ती जागा पाडण्यात आली आणि ते नळकांडे तिथे कधी बांधलेच गेले नाही. आजचा क्लब 1984 मध्ये मूळ जागेच्या बऱ्याचशा भागावर, मूळच्या विटा वापरून पुन्हा उभा केलेला आहे. 1961 च्या फेब्रुवारीपासून 1963 च्या ऑगस्टपर्यंत बीटल्स जिथे वाजवत राहिले ती नेमकी कमान ही नव्हे. तरीही तिथे दिवसभर कोणी तरी गात असते, खाली गारवा आणि दमट वास असतो, आणि वुल्टन ते मॅथ्यू स्ट्रीट हा प्रवास पायाखालून गेलेला असला की त्या पायऱ्या उतरताना नव्या-जुन्याचा प्रश्न फारसा उरत नाही.

लंडनविषयी एवढेच सांगते की बीटल्सच्या 'ॲबी रोड' या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर दिसणाऱ्या, रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवर फोटो काढायचा असेल तर भुयारी रेल्वेचे सेंट जॉन्स वुड हे स्थानक धरावे. ॲबी रोड याच नावाचे एक स्थानक पूर्व लंडनमध्ये आहे आणि तिथे उतरून अनेकांची फेरी फुकट जाते. जर्मनीतले हॅम्बुर्ग, जिथे बीटल्स सुरुवातीच्या काळात वाजवत, हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळी रजा काढावी.

खर्चामुळे एवढा प्रवास ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी या इतिहासाची एक वाट आपल्या इथूनही जाते. जॉर्ज हॅरिसन यांनी जानेवारी 1968 मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केले, आणि 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचे वाद्यसंगीत त्यातच तयार झाले. त्यानंतरच्या फेब्रुवारीत चौघेही हृषीकेशला आले. ज्या आश्रमात ते राहिले ती चौरासी कुटिया राजाजी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असून 2015 पासून तिकीट काढून पाहता येते. पुरवणीत यावर स्वतंत्र लेख आला तर माझ्यासारख्या वाचकांना आनंद होईल.

तूर्त विनंती एवढीच की मेंडिप्स आणि फॉर्थलिन रोडच्या घरांसाठी जागा आधी राखावी लागते आणि हिवाळ्यात ती बंद असतात, हा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर ठळकपणे छापावा. मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटे लोक आत्ताच काढू लागले आहेत.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, ठाणे