मॅडम, त्या तीन बोटांसाठी

आदरणीय ट्यूटर मॅडम,

रिपोर्ट काल आला. स्तनातली गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. फायब्रोॲडेनोमा. नाइट संपवून घरी आले आणि झोपायचं सोडून तुम्हाला लिहायला बसले.

इतकी वर्षं वॉर्डात काढली, पण स्तनांची स्वतः तपासणी हाताला धरून कुणी शिकवली नव्हती. ऑक्टोबर आला की स्तनांच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी गुलाबी फिती, केक, ग्रुप फोटो. पाहुणे डॉक्टर स्लाइड भराभर पुढे सरकवत म्हणायचे, ‘तुम्हा सिस्टर लोकांना काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे.’ माहीत होतंच की! परीक्षेत लिहिलं होतं, बायकांना पत्रकं वाटली होती. पण तुम्ही स्वतः करता का, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्ही विचारलंत. तेही आधी दार लावून, काचेवर चादर टाकून.

सिलिकॉनच्या मॉडेलवर मी कणीक चाचपावी तशी बोटं फिरवत होते. तुम्ही काही न बोलता माझ्या तीन बोटांवर तुमची तीन बोटं ठेवलीत आणि दाबलंत. आधी हलकं, मग जरा जास्त, मग पार खोल. टोकांनी नाही, पेरांच्या गादीने. गळ्याखालच्या हाडापासून खाली, काखेपर्यंत, उभ्या पट्ट्यांत. ‘गाठ लागली हाताला?’ म्हणालात. लागली! इतका दाब द्यायचा असतो हे पुस्तकात वाचून कळत नाही हो.

आणि खरं तेच सांगितलंत. शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, २००२ साली निकाल आला. स्वतःची तपासणी शिकवलेल्या गटात स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू काही कमी झाले नव्हते, साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, मात्र वाढल्या होत्या. (त्यात आता माझी एक धरा.) ही तपासणी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेची, जागा घेत नाही, पण आपलं नेहमीचं काय ते ठाऊक असलं की बदल लक्षात येतो, म्हणालात. माझ्या लक्षात आला.

ज्ञान पाजळणारे पुष्कळ भेटतात. समोरच्याला ओशाळं न करता शिकवणारं माणूस विरळा.

आता ड्युटी रूममध्ये मुली एकमेकींना उघड विचारतात. परवा आमच्या मावशी म्हणाल्या, ‘पाळी संपल्यावर काही दिवसांनी करायचं म्हणता, मग पाळी गेलेल्या बाईने कधी करायचं?’ महिन्याची एक तारीख ठरवून घ्या, असं मी सांगितलं. बरोबर ना? चुकलं असेल तर पुढच्या बॅचला याल तेव्हा कान धरा.

तुमची,
सर्जिकल वॉर्डातली सिस्टर