सुमे, तुझा इको वाचला

पुणे,
12 ऑगस्ट

प्रिय सुमे,

रात्री अकराला इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टचा फोटो पाठवलास, 'ट्रिव्हियल टीआर'खाली लाल रेघ, आणि शेवटी एवढंच, "माझी झडप गळतेय का गं?" फोनवर तू ऐकून घेणार नाहीस, मध्येच रडशील, म्हणून सविस्तर लिहितेय.

गळतेय, पण नावापुरती. टीआर म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून थोडं रक्त मागे येणं. धडधाकट माणसांतही एवढी सर्रास दिसते. आम्ही ती नोंदवतो नि पुढे जातो. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तर विशेष काहीच नाही.

हिशेब बघ. समजा आधी तुझं हृदय ठोक्याला 70 मिली रक्त ढकलत होतं आणि मिनिटाला 70 ठोके पडत होते, म्हणजे पाच लिटरच्या आसपास. आता ठोक्याला 80 आणि ठोके 85 धर, झाले जवळपास सात लिटर! अंगातलं रक्तच 40 ते 50 टक्के वाढतं. ते मावायला डावा कप्पा जरा रुंदावतो, भिंत थोडी जाडावते. रक्तवाहिन्या मात्र सैलावतात, म्हणून बीपी चढत नाही. ईएफ, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त ठोक्याला बाहेर पडतं ते, जवळजवळ तेवढीच राहते, तुझी 62 आहे, छान आहे.

इको काढताना तुला डाव्या कुशीवर निजवलं होतं ना? परवा एक बाई आठव्या महिन्यातली, बांगड्या कोपराकडे सरकवून उताणी पडलेली. दोन मिनिटांत घामाघूम. गर्भाशयाचा भार खालच्या महाशिरेवर पडला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, आणि डॉपलरचा, म्हणजे रक्ताच्या वेगाचा, आलेख डोळ्यांदेखत उंच झाला. उताणं ठेवून घेतलेलं माप मी तरी धरत नाही.

खरी गोची पुढेच आहे. गरोदरपणात हृदय किती बदललं हे सांगायचं तर आधीचं माप हवं. ते कुणाकडे असतं? दिवस राहिल्याचं कळून बाई येईपर्यंत बदल सुरू झालेले असतात. म्हणून अभ्यास करणारे बाळंतपणानंतर काही महिन्यांनी पुन्हा इको काढतात आणि त्यालाच मूळ माप मानतात. पण तोवर हृदय पुरतं मूळपदावर आलेलं असेलच असं नाही. एमआरआयवर कप्प्यांची मापं जास्त नेमकी मिळतात, पण तिथे कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र ठळक दिसायला शिरेतून देतात ते औषध, गरोदरपणात टाळतात, आणि शेवटच्या महिन्यांत त्या नळीत पडून राहणं म्हणजे शिक्षाच.

एवढा खटाटोप कशाला, तर निरोगी बाईचं 'नॉर्मल' नक्की ठाऊक असलं की बिघडलेलं हृदय वेळेवर ओळखता येतं. आपल्याकडे लहानपणच्या संधिवाताच्या तापानं आकसलेली झडप कित्येकींना पहिल्यांदा गरोदरपणातच कळते. त्या झडपेनं लागणारी धाप निराळी. तुला जिना चढताना लागते, ती चालेल. पण आडवं होताच गुदमरलं, उशा वाढवाव्या लागल्या, तर मला फोन करत बसू नकोस, थेट डॉक्टरांकडे जा. बाळंतपणानंतरचे काही महिनेही हे विसरू नकोस.

बाळ सहा महिन्यांचं झालं की दोघं या. तुझा इको मीच काढेन. येताना काकूंच्या हातचे डिंकाचे लाडू आण.

तुझीच,
वैशू