तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

त्वचेच्या कर्करोगाबद्दल काही छापून आले की शेवटी ‘उन्हापासून जपा’ असतेच. अमळनेर तालुक्यात तीस वर्षे विज्ञान शिकवताना मीही हेच सांगत आलो. त्यात खोटे काही नाही. मेलानोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. ‘कोलो-८२९’ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेलानोमाच्या पेशींचा पूर्ण जनुकीय आराखडा ब्रिटनच्या सँगर संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2009 च्या अखेरीस मांडला. डीएनएच्या एकेका अक्षराचे 33,345 बदल सापडले आणि त्यांतल्या बहुतेकांवर अतिनील किरणांची खूण होती. पण त्या पेशी एका गोऱ्या माणसाच्या होत्या.

माझा थोरला भाऊ शेतकरी. कपाशीला पाणी भरताना कायम अनवाणी. टाचेजवळ तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग आला. “काही नही रे भाऊ, कुरूप शे,” म्हणाला. गावातल्या एकाने ते दोनदा ब्लेडने तासले. डाग पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, मोज्याला रक्त लागू लागले. मुंबईला तुकडा तपासला तेव्हा मेलानोमा निघाला, आणि तोवर जांघेत गाठी आल्या होत्या.

तिथे बीआरएएफ जनुकाचीही तपासणी झाली. या जनुकात बिघाड होऊन त्यावरून बनणाऱ्या प्रथिनात ६०० व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल आले, की पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप अखंड मिळत राहतो. जगातल्या साधारण निम्म्या मेलानोमांत या जनुकात बिघाड असतो, कोलो-८२९ मध्येही आहे, आणि त्यावर 2011 पासून गोळ्या आहेत. भावाच्या गाठीत तो बदल नव्हता. म्हणजे त्या गोळ्या त्याच्या कामाच्या नव्हत्या. आपल्याकडे हा रोग मुख्यतः तळपाय, तळहात आणि नखाखाली दिसतो. त्या प्रकारात उन्हाचा हात कमी आणि हा बदलही कमी आढळतो. सावळ्या कातडीला हा रोग होत नाही, असे मीच पोरांना सांगितले होते. ते मला आज फार लागते.

गेल्या पोळ्याला भाऊ जाऊन वर्ष झाले.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात. त्याच वेळी पाय वर करून तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहायला दोन मिनिटेही लागणार नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी हे सुरू करावे, आणि आपल्या आरोग्य पुरवणीत उन्हाच्या सल्ल्याशेजारी तळपायाचे एक चित्र छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, ता. अमळनेर, जि. जळगाव