सिंहगड रस्त्यावरच्या काकांना

आदरणीय काका, सादर नमस्कार.

मला तुमचं नाव माहीत नाही आणि तुम्हीही माझं विचारलं नाहीत, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. पुण्यात पहाटे धावणाऱ्यांपैकी कोणी ओळखलं, तर तुमच्यापर्यंत पोचवेलच.

डिसेंबरातला रविवार, पाचही वाजले नव्हते. माझ्या मैत्रिणीला ताप आलेला. मुंबई मॅरेथॉनच्या तयारीतला सर्वांत मोठा लाँग रन, 32 किलोमीटर, आणि मी राजाराम पुलापाशी दिव्याखाली घुटमळत उभी. त्या अंधारात एकट्या बाईनं खडकवासल्याकडे निघायचं म्हणजे पायांआधी मन थकतं. तुम्ही थांबलात, "कुठपर्यंत?" एवढंच विचारलंत आणि रस्त्याच्या बाजूनं धावू लागलात. पहिले आभार त्याचेच. तुम्ही शेजारी आल्यावर मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे वळून बघणं माझं थांबलं.

मग तुम्ही मला भोगीची भाजी कशी करतात ते विचारलंत! मी पावटा, हरभरा, गाजर, वांगी, तीळकूट असं सगळं सांगत राहिले आणि मध्ये गप्प झाले की तुम्ही म्हणायचात, "बोलत राहा. बोलता येईनासं झालं की वेग जास्त झाला म्हणून समजा." घड्याळ बाहीखाली ढकलायला लावलंत. धायरी, नांदेड, किरकटवाडी सगळं त्या गप्पांत मागे पडलं. धरणाजवळ पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यानं हात बधिर झाले, तेव्हा तुम्ही खिशातून खजूर काढून दिलेत, भूक नसतानाही खायला लावलेत. शरीरात साठवलेली साखर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि भूक लागेपर्यंत थांबलं तर उशीर होतो, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी आठवण करून देणारं माणूस सोबत असणं फार वेगळं.

गोळेवाडीच्या अलीकडे आपण वळलो. उजाडायला लागलं होतं, सिंहगडावर निघालेले सायकलवाले समोरून येत होते. तुम्ही म्हणालात, "आता गप्पा बंद. आता धावा."

काका, परतीचा रस्ता जरा उताराचा आहे, थंडीही मदतीला होती, हे मान्य. पण त्याच रस्त्यावर, तशाच थंडीत मी आधीही धावले आहे. या वेळी पाय ताजे होते, कारण पहिले 16 किलोमीटर तुम्ही मला राखून ठेवलं होतं. ते सरासरी 6:40 च्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटे 40 सेकंद अशा वेगानं झाले, पुढचे 16 जवळपास 5:54 नं. ठरवले होते 3 तास 38 मिनिटे, लागले 3 तास 21. शेवटच्या किलोमीटरला श्वास लागला होता, पण पाय जड नव्हते. वॉल, म्हणजे ताकद अचानक संपून पाय उचलेनासे होतात ती वेळ, आलीच नाही.

2019 मध्ये व्हिएन्नात एलिउड किपचोगे 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत मॅरेथॉन अंतर धावले, तेव्हा 41 पेसर, म्हणजे वेग राखून देणारे सोबती, आळीपाळीनं त्यांच्याभोवती धावत होते. तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही. तरी मला त्या धावेतले पेसरच जास्त आवडतात, आणि आता का आवडतात तेही नीट सांगता येईल.

पुलापाशी मी घड्याळ बघत असताना तुम्ही हात हलवून निघूनही गेलात. धन्यवाद म्हणायचं राहिलं, ते आज मनापासून म्हणते.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईत असाल, तर पेडर रोडच्या चढावर, परतीच्या बाजूला उभे राहा. पहिला अर्धा भाग मी भाजी सांगता येईल अशाच वेगानं धावणार आहे. खजूर माझ्याकडे असेल, तुमच्या वाट्याचाही.

आपली,
पिवळ्या टोपीवाली