हेडस्टॉकवरचे नाव जपणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

नवे रूप द्यायला तुमच्याकडे ठेवलेला माझा बास गिटार परत घेताना भावना दाटून आल्यामुळे मला धड बोलता आले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

1960 मध्ये बाजारात आलेल्या फेंडर कंपनीच्या जॅझ बासचे अगदी सुरुवातीचे रूप माझ्या मनात फार वर्षे घर करून आहे. मध्ये उजळ आणि कडेला गडद होत जाणारा सनबर्स्ट रंग, लाकडाला ओरखड्यांपासून वाचवणारा, कासवाच्या पाठीसारखा तपकिरी पिकगार्ड, तारांचा आवाज टिपणारे पिकअप आणि तारा टेकतात तो ब्रिज झाकणारी क्रोमची कव्हरे, एकावर एक बसवलेल्या दुहेरी नॉबची जोडी. त्या काळातला खरा बास मला परवडणे शक्य नाही, पण माझ्या स्वस्त बासचीही स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, तीच 34 इंचांची आहे, घडणही तीच आहे, आणि त्याला ते रूप द्यावे यात गैर काही नाही, असे मला मनापासून वाटत होते.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांना ते पटले नाही. एकाने वाद्य हातातही न घेता ‘यावर खर्च करण्यात अर्थ नाही’ असे सांगून वाटेला लावले. दुसऱ्याने काम घेतले खरे, पण पहिले काम कोणते करणार, तर हेडस्टॉकवरचे, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकावरचे, नाव घासून तिथे नामांकित कंपनीचे नाव चिकटवणार! मी नको म्हटल्यावर त्याचा उत्साहच मावळला. पुढे त्याने कव्हरांसाठी भोके पाडली तीही वाकडी, आणि कडेच्या लॅकरचे टवके उडाले ते वेगळेच. विचारायला गेलो, तर ‘या किमतीच्या वाद्याला एवढे चालते’ हे उत्तर मिळाले. ते वाक्य अजून मनातून जात नाही.

तुम्ही ती भोके लाकडाच्या बारीक खुंट्या बसवून बुजवली आणि नवी भोके जागच्या जागी पाडली. ते कौशल्य मोठेच आहे. पण माझ्या मनात ठसली आहे ती एक अगदी लहान कृती. नेकच्या, म्हणजे बासच्या लांब दांड्याच्या, मागची चकाकी उतरवण्यासाठी तुम्ही बारीक स्टीलवूल हातात घेतले, मग ते खाली ठेवले आणि आधी हेडस्टॉकवरच्या त्या साध्या, कुणाला ठाऊक नसलेल्या नावावर कागदी टेप लावली. एक थर पुरेसा वाटला नाही म्हणून दुसरा लावला, आणि टेपच्या कडा नखाने दाबून बसवल्या. त्या बाजूला घासायचे नव्हतेच. चुकून हात गेला तर ओरखडा उठू नये, एवढ्यासाठी ही काळजी. मी पाहतच राहिलो. माझ्याकडे न बघता तुम्ही एवढेच म्हणालात, ‘ज्याने बनवले त्याचे नाव राहू दे. उद्या हा बास दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तर त्यालाही खरे कळायला हवे.’

रूप महागड्या बासचे घ्यावे, पण नाव स्वतःचेच ठेवावे, हे मला हवे होते आणि कुणालाही समजावून सांगता येत नव्हते. तुम्ही ते न सांगता ओळखलेत. ग्राहकाची ऐपत न जोखता त्याच्या वस्तूला हात लावणारी माणसे अजून आहेत आणि कुठलाही गाजावाजा न करता काम करतात, याचा मला विलक्षण आधार वाटतो. जो बास मी अजून पाहिलेलाही नाही अशा भावी मालकाच्या हाती जायचा, त्याच्याशीही तुम्ही आजच प्रामाणिक राहिलात. याहून सचोटी ती कोणती?

आता त्यावर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या गुळगुळीत, तारा चढवल्या आहेत आणि आवाज भरीव, गोल येतो. हवा बदलली की नेक थोडी हलेल, तेव्हा नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, तपासायला बास घेऊन तुमच्याकडेच येईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक बासवादक