चालायला रंकाळ्यावरच का जायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पहाटे आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चालणाऱ्यांची गर्दी पाहून बरं वाटतं. पण त्यातले कितीतरी जण तिथवर दुचाकीवरून येतात, फेऱ्या मारतात आणि गाडीवरूनच घरी जातात. नंतर दिवसभर दूध, भाजी, पोरांची शाळा सगळं गाडीवरच. लोकांना आळशी म्हणून मोकळं होता येईल, पण मला दोष रस्त्यांचा वाटतो.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत तालीम, शाळा, पिठाची गिरणी, किराणा सगळं हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला माणसं गप्पा मारत चालत जातात. राजारामपुरीच्या गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या, आतल्या आत कुठूनही कुठं निघता येतं. कळंबा, पाचगावच्या बाजूला वाढलेल्या नव्या वसाहतींत मात्र कित्येक ठिकाणी मध्ये कुंपण येतं आणि समोर दिसणाऱ्या दुकानासाठी हमरस्त्यानं वळसा पडतो. मग गाडीची किल्ली हातात येणारच!

माझी आई सत्तरीच्या पुढची. भाजीला आम्ही दोघी चालत जातो. वाटेतला फुटपाथ एवढा उंच, की माझा हात धरल्याशिवाय तिला चढता येत नाही. चढलो की लगेच कुणाच्या तरी गेटचा उतार, म्हणून खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. पुढं विजेची डीपी, त्यापुढं हलणारी फरशी आणि तिच्याखाली गटार. शेवटी आई रस्त्याच्या कडेनंच चालते आणि मागून हॉर्न वाजला की जागच्या जागी थबकते.

रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं यावर स्पष्ट आहेत : फुटपाथ 150 मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. झाडं, खांब, डीपी यांची पट्टी वेगळी. भाजीवाल्या मावशींनाही त्याच पट्टीत हक्काची जागा द्यावी. फुटपाथ मोकळे करायचे म्हणून त्यांना हुसकावणं मला पटत नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं त्यांना संरक्षण दिलं आहे, आणि कोपऱ्यावर भाजी मिळते म्हणून तर माणूस पायी निघतो. अडचण खरी करतात त्या फुटपाथवर चढवलेल्या गाड्या.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं आणि मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं शारीरिक हालचाल सांगते. शाळा पंधरा मिनिटांवर असेल आणि मूल झपझप चालत गेलं, तर जाऊन-येऊन निम्मी हालचाल तिथंच होते, वेगळा क्लास नको. पण या रहदारीत पोराला एकटं कोण सोडणार?

सर्वोच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 खालचा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आहे. पुण्यात लक्ष्मी रस्ता 11 डिसेंबरला पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात. एक दिवस चांगलाच, पण आपल्याला वर्षभराची सोय हवी. महापालिकेला विनंती, की आणखी एखादा वॉकिंग ट्रॅक बांधण्याआधी प्रत्येक शाळेभोवतीचा अर्धा किलोमीटर हाती घ्यावा. सलग फुटपाथ, चौकात नीट दिसणारे झेब्रा पट्टे आणि गाड्यांचा वेग कमी करणारे उंचवटे एवढं तरी करावं. नव्या लेआउटला मंजुरी देताना शेजारच्या वसाहतीत जाणारी पायवाट सक्तीची करावी.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर