आईला गरम जेवू घातल्याबद्दल

ती. काकूंना साष्टांग नमस्कार,

बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून आईने घराबाहेर एकही रात्र काढली नव्हती. दादा-वहिनी त्यांच्यापाशी राहिले म्हणून शनिवार-रविवार कोकणात आंजर्ल्याला तुमच्याकडे येणं जमलं. आल्या आल्या आई पदर खोचून तुमच्या स्वयंपाकघरात शिरली. तुम्ही तिच्यापुढची विळी ओढून घेतलीत. "वहिनी, इथे तुम्ही पाहुण्या."

त्या रात्री तिने कुळथाची पिठी आणि मऊ भात गरमागरम खाल्ला. मध्ये एकदाही उठावं लागलं नाही. घरी तिचं ताट नेहमी निवलेलं असतं, काकू. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरोघरी अशी निवलेली ताटं आहेत.

काय काय बघायचं याची यादी तुम्ही आमच्या हातात दिली नाहीत. कड्यावरचा गणपती कुठे जात नाही, म्हणालात. हर्णैचा मासळीचा लिलावही राहिला आणि त्याची जराही चुटपुट नाही.

पण आईला रिकामं बसवेना. झोपाळ्यावरही तिचे हात चाळवत होते. ते तुम्ही ओळखलंत आणि तिला खळ्यात नेलंत, वाळत घातलेल्या सुपारीपाशी. सुपारीला चांगलं 40 दिवसांचं ऊन लागतं, हे तेव्हाच कळलं. "वाटलं तर हात फिरवा. नाही फिरवलात तरी वाळतेच." औषधांच्या वेळा घड्याळावर सांभाळणाऱ्या माझ्या आईला असं काम कुणीच दिलं नव्हतं. सकाळभर ती तिथे होती. मग पडवीत आडवी झाली ती थेट चहालाच उठली.

संध्याकाळी आगरात पाट वळवता वळवता तुम्ही तिला निसर्ग वादळाचं सांगितलंत. 3 जून 2020 ला पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडून एकमेकींवर पडल्या होत्या, घरातून एकदम उघडं आभाळ दिसायला लागलं होतं. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. आईने विचारलं, "तोवर काय केलंत?" तुम्ही म्हणालात, "शिंपण. आणि दुपारची झोप."

त्यानंतर ती तुमच्याशी बराच वेळ बोलली. बाबांना उचलताना पाठीत कळ येते, रात्री भीती वाटते, हे मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तुम्ही उपदेश केला नाहीत, पाटाकडे बघत ऐकत राहिलात. त्यासाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे.

आता दादाने आणि मी ठरवलंय: महिन्यातला एक शनिवार-रविवार आईचा, बाबांचं आम्ही बघायचं. बाबांनीही मान हलवली. पाठदुखीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

तिने केलेलं मेतकूट पाठवतेय. मे महिन्यात तुमच्याकडे आंब्याची गडबड असेल, म्हणून पाऊस लागला की येऊ. पडवीलगतची खोली आमच्यासाठी ठेवा.

तुमच्या वहिनींची लेक